घरचा इलेक्ट्रिशियन

मालनने उभ्या आयुष्यात भाव न विचारता कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेतली नव्हती. बोरीवली पूर्वेच्या मार्केटातले भाजीवाले तिला लांबून येताना बघूनच दोन रुपये कमी सांगायचे, मागाहून कटकट नको म्हणून. अशी ही बाई घरातलं सगळ्यात मोठं काम काढून बसली आणि त्याचा भाव तेवढा विचारायचा राहिला. राहिला म्हणजे विसरली नव्हती ती. विचारवेना तिला.

काम होतं घरातलं वायरिंग बदलायचं. बिल्डिंग चाळीस वर्षांची, चार माळ्यांची, बिनलिफ्टची, आणि वायरिंगही तेवढंच म्हातारं. गिझर लावला की पंखा दमायचा. मिक्सर लावला की ट्यूबलाइट डोळे मिचकावायची. वॉशिंग मशीनला ओला हात लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या. मालनचा नवरा लवू अंधेरीच्या एका ऑफिसातून शिपाई म्हणून रिटायर झालेला. त्याने फ्यूजच्या तारेचं भेंडोळं कपाटावर कायमचं ठेवलं होतं. लाइट गेली की तो स्टूल घ्यायचा, तार बांधायचा आणि उतरून परत पेपर वाचायला लागायचा. दोघांनाही त्याची सवय होती, आणि सवयीच्या दुखण्याला कोण डॉक्टर करतं?

वाट लागली ती दिवाळीत. त्यांची एकुलती एक मुलगी अक्षता मुलुंडला दिलेली. घर चांगलं, जावई श्रेयस शांत स्वभावाचा, विहीण सुनंदाबाई बँकेतून रिटायर झालेल्या, बोलायला गोड पण मोजून-मापून. ही सगळी मंडळी फराळाला आली. मालनला वाटलं, वडे गरम करून द्यावेत, म्हणून तिने शेजारणीचा मायक्रोवेव्ह आणून लावला. वर दिव्यांची माळ चालू, गिझर चालू, आणि फट् करून सगळा काळोख. त्या दिवशी तार बांधली की उडे, बांधली की उडे. विहीणबाई मेणबत्तीच्या उजेडात चिवडा खात बसल्या. एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि मालनला तेच जास्त लागलं.

बोलल्या त्या महिन्याभराने, अक्षताला दिवस गेल्याचं कळवायला फोन केला तेव्हा. "मालनताई, पहिलं बाळंतपण माहेरी असतं हे मला मान्यच आहे. पण तुमच्याकडे लाइटचा प्रॉब्लेम आहे ना. मेचे दिवस येणार, बाळाला एसी लागणार. इथेच करू या का?"

मालन "बघू की" म्हणाली आणि फोन ठेवून मोरीत जाऊन रडली. तिचं कारण साधं होतं. तिला स्वतःला आई नव्हती. अक्षताच्या वेळी तिचं बाळंतपण चुलतसासूने केलं होतं. बाई वाईट नव्हती, पण परकी होती, आणि परक्या बाईसमोर मालनला 'दुखतंय' म्हणायचीही लाज वाटायची. दात-ओठ खाऊन तिने ते दिवस काढले. आपल्या पोरीला दुखलं तर तिने आईच्या घरात भोकाड पसरून रडावं, आईला शिव्या घालाव्यात, एवढंच तिला हवं होतं. त्याच्याआड आता वायरिंग आलं होतं.

सोसायटीच्या सेक्रेटरीने एक इलेक्ट्रिशियन पाठवला. त्याने भिंतींवर टिचक्या मारल्या, जुना बोर्ड उघडून नाक मुरडलं आणि सांगितलं की नुसती वायर बदलून भागणार नाही. भिंत फोडून नवे पाइप, जाड वायर, अर्थिंग, मग प्लास्टर, मग रंग. झाले नव्वद हजार.

"नव्वद हजारात गावाक अख्खो गुरांचो मांगर उभो रवता," लवू म्हणाला. रिटायर झाला तरी त्याची मालवणी मुंबईत काही बिघडली नव्हती.

घरात पैसे होते त्याच्या निम्मे. मालन रात्रभर कुशी बदलत राहिली आणि सकाळी तिला सर्वेश आठवला.

सर्वेश म्हणजे त्यांच्याच वाडीतला. दहा वर्षांपूर्वी एक बॅग घेऊन मुंबईला काम शिकायला आला, तेव्हा वर्षभर यांच्याच गॅलरीत झोपला. भाडं नाही, खानावळ नाही. मालनच्या हातचं जेवला आणि तिने भाताचा हिशेब कधी केला नाही. आता तो साकीनाक्याला राहत होता, ऑफिसांची वायरिंगची कामं घेत होता, दोन मुलांचा बाप झाला होता. फोन केला तर तिसऱ्या दिवशी हजर.

त्याने सगळं बघितलं. म्हणाला, "काकी, सामानाचेच चाळीस हजार जातील. वायर मात्र चांगलीच घालू, त्यात हात आखडू नको."

"आणि मजुरीचा..." लवूने तोंड उघडलं, तोच मालनने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"ते बघू नंतर, काका," सर्वेश खाली बघत म्हणाला. "घरचंच काम."

घरचंच काम! या दोन शब्दांनी आमच्या कोकणातली जेवढी माणसं बुडवली, तेवढी समुद्रानेही बुडवली नसतील.

भिंतीला छिन्नी लागायच्या आधी लवूने रीतसर नारळ वाढवला. मेन स्विचखाली पाट, पाटावर नारळ, आणि लवूचं गाऱ्हाणं. बा देवा म्हाराजा, आज ह्या घराच्या भिंतीक हात लागता हा. काय चुकला-माकला असात तर पदरात घे. चेडवाचा बाळंतपण सुखरूप होऊ दे. करणाऱ्याच्या हाताक यश दे. प्रत्येक वाक्याला सर्वेश आणि त्याच्याबरोबर आलेला देवेश "व्हय म्हाराजा" म्हणत होते. देवेश हा त्याच्याकडे रोजावर काम करणारा चाळिशीचा गडी, छिन्नी-हातोडीचं काम त्याचं. देवाला त्या दिवशी सगळं सांगून झालं. रेट तेवढा कुणी सांगितला नाही.

काम जोरात सुरू झालं. घाई होती त्याला कारण होतं. सातव्या महिन्यात ओटी भरून अक्षताला आणायची, आणि गर्भारशी घरात असताना भिंतीला हातोडी लावायची नाही, खिळासुद्धा ठोकायचा नाही. मालन तशी फार देव-देव करणारी नाही, पण ही गोष्ट तिच्या आजीपासून चालत आलेली, आणि पोटच्या पोरीच्या बाबतीत परीक्षा कोण बघेल? म्हणजे काम ओटीच्या आत व्हायला हवं होतं. धुळीने घर पांढरं झालं. भांडी चादरीखाली, देव शेजारणीकडे, मालन गॅलरीत स्टोव्ह मांडून चौघांचा स्वयंपाक करत होती. सर्वेश आणि देवेश पोटभर जेवत होते. सर्वेशला सोलकढी लागते म्हणून रोज सोलकढी. मालनला वाटत होतं, सगळं कसं झकास चाललंय.

स्वयंपाकघर झालं, बाहेरची खोली अर्धी झाली, आणि सर्वेश यायचा बंद झाला.

पहिल्या दिवशी म्हणाला, काकी, जरा अडकलोय. दुसऱ्या दिवशीही तेच. मग फोन उचलेना. आतल्या खोलीच्या भिंती छतापासून खालपर्यंत उभ्या चिरलेल्या, चिरांतून रिकामे पाइप डोकावतायत, आणि कॅलेंडरवर ओटीची तारीख जवळ येतेय. मुलुंडहून सुनंदाबाईंचा फोन आला, "झालं का हो काम?" मालन म्हणाली, "होतच आलंय." खोटं बोलताना तिचे कान तापले.

"मी इचारूक गेललंय, तू पायावर पाय दिलंस," लवू म्हणाला.

"घरच्या माणसाला भाव विचारायचा? कसं दिसतं ते?"

"आता कसा दिसता?" लवूने भिंतीकडे बोट दाखवलं.

आता मालनच्या मनातलं खरं सांगायला हवं. भाताचा हिशेब तिने कधी केला नाही, असं मघाशी म्हटलं ना? केला नव्हता हे खरं, पण सर्वेशला फोन लावला त्या सकाळी केला. वर्षभराचं दोन वेळचं जेवण, चहा, आजारपणातली पेज, सगळं तिने मनातल्या मनात मांडलं आणि ते मजुरीच्या जागी ठेवून दिलं. फक्त सर्वेशला हे सांगितलं नाही. त्याने आपणहून ओळखावं असं तिला वाटत होतं. अशी असते माणसाची गंमत.

चौथ्या की पाचव्या दिवशी सर्वेशने फोन उचलला, आणि तोवर मालनचा तोल सुटला होता. "काय रे, माझ्या पोरीची ओटी तोंडावर आलीय आणि तू घर उघडं टाकून गेलास? वर्षभर माझ्या हातचं जेवलास, ते विसरलास?"

तिकडून सर्वेश म्हणाला, "नाही काकी, विसरलो नाही. उद्या येतो."

आला. एकटाच आला, देवेश नव्हता. चहा दिला तर "घेऊन आलोय" म्हणाला. छिन्नी-हातोडी स्वतःच घेतली आणि दुपारपर्यंत मान वर न करता भिंत खोदत राहिला. मालनने पान मांडलं. बांगड्याची आमटी, भात, सोलकढी. हाक मारायला बाहेर आली तर खोलीत कुणी नाही. दार उघडून बघते, तर सर्वेश जिन्याच्या पायरीवर बसला होता आणि मांडीवर त्याचा स्वतःचा डबा उघडा होता. चपाती आणि भेंडीची भाजी.

मालन दारातच उभी राहिली. हा पोरगा वर्षभर तिच्या पंगतीला बसलेला. तापात असताना तिच्या हाताने पेज प्यालेला. तो आज तिच्या दाराबाहेर घरून आणलेला डबा खात होता, कारण तिने त्याच्या तोंडावर त्याचं खाल्लेलं काढलं होतं. जेवलेल्या माणसाचं जेवण बोलून दाखवू नये, हे गावात शेंबड्या पोरालाही कळतं. तिला स्वतःचीच शिसारी आली.

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. "सर्वेश, मी चुकले रे. नको ते बोलले."

"असू दे काकी."

"असू दे काय? तोंडाने बोल. का येत नव्हतास?"

तो चपातीचा तुकडा नुसताच फिरवत राहिला. "देवेशला रोजचे रोज द्यावे लागतात, काकी. त्याचं घर त्याच्यावर आहे. माझं राहू दे, पण त्याचे मी खिशातून देत होतो. ते संपले. मग साकीनाक्यातच एका ऑफिसचं काम आलं, ते घेतलं. तिकडचे पैसे मिळाले की इकडे येणारच होतो."

"मग मला सांगायचं होतंस."

"तुला कसं सांगणार? तू विचारलंस तर सांगणार ना."

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. हा बिचारा तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होता, आणि ती समजत होती की आपण फार माया करतोय. मालनने डोळे पुसले आणि पदर खोचला. मार्केटात उभी राहायची तशी सरळ झाली.

"पॉइंटचे किती घेतोस? बाहेरच्याकडून घेतोस ते सांग. घरचा भाव नको."

त्याने आढेवेढे घेतले. तिने सोडलं नाही. शेवटी त्याने आकडा सांगितला. देवेशचे दिवस आणि शेवटचं प्लास्टर धरून सगळे मिळून पस्तीस हजार होत होते.

मालनने आयुष्यात पहिल्यांदा सांगितलेल्या भावातून एक रुपया कमी केला नाही. "देते," म्हणाली. "निम्मे उद्या, निम्मे काम झाल्यावर. आणि देवेशला घेऊन ये, एकट्याने भिंती खोदू नकोस. चल आता आत, आमटी थंड होतेय."

सर्वेशने डब्याकडे बघितलं. "खरं सांगू काकी? भेंडी मला आवडतच नाही." आणि डबा बंद करून तो आत येऊन पानावर बसला.

"देते" म्हणाली खरी, पण आणणार कुठून? सामानात शिल्लक गेली होती. राहिली होती ती भिशी. बिल्डिंगमधल्या बायकांची, दोन वर्षं चाललेली, आणि पुढची उचल मालनचीच. ती तिने नातवंडासाठी धरली होती. बारशाला आजोळकडून बाळाला कडी आणि साखळी घालायची, निदान एवढं सोनं तरी विहीणबाईंच्या तोडीस तोड. भिशीवाल्या शांताबाईंकडे जाऊन तिने उचल आधी मागून घेतली आणि निम्म्या-निम्म्याची वाट न बघता सगळी सर्वेशच्या हातावर ठेवली. लवू रात्री एवढंच म्हणाला, "बरा केलंस. पण बारशाक काय घालतलंस?"

"बघू तेव्हाचं तेव्हा," मालन म्हणाली.

काम ओटीच्या आदल्या संध्याकाळी संपलं. रंगाचा वास होता, पण हातोडी थांबली होती. एसी श्रेयसने आपल्या पैशांनी पाठवून दिला. अक्षता घरी आली, पाय पसरून पलंगावर बसली आणि तिसऱ्या मिनिटाला आईवर खेकसली, "आई, किती वेळ लावतेस गं पाणी द्यायला?" मालनला इतका आनंद झाला की ती पाणी घेऊन जायचंच विसरली.

मेच्या सुरुवातीला मुलगी झाली. अक्षता व्हायचं तेवढं ओरडली, आईचा हात पिरगाळला, नर्सवर चिडली, आणि घरी आल्यावर आठ दिवस रडूबाई होऊन आईच्या कुशीत शिरली. मालनने सगळं सोसलं आणि मनापासून भोगलं. बाराव्या दिवशी बारसं. मुलुंडची मंडळी आली, शेजारणी आल्या, सर्वेश बायको-मुलांना घेऊन आला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाळणा म्हणून झाला, नाव गंधाली ठेवलं. सुनंदाबाईंनी पर्समधून मखमली डबी काढली आणि बाळाच्या गळ्यात नाजूक सोन्याची साखळी घातली. मग मागे सरकून कौतुकाने म्हणाल्या, "आता आजोळची पाळी. या मालनताई."

सगळ्या बायका बघायला लागल्या. मालनच्या हातात एक झबलं होतं आणि चांदीचे छोटे वाळे. तिने बोलायचं ठरवून ठेवलं होतं: सोनाराकडे घडायला टाकलंय, पुढच्या आठवड्यात येईल. वाक्य तोंडात तयार होतं. तिने वाळे घातले, झबलं पायाशी ठेवलं, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या सर्वेशकडे तिची नजर गेली. तो मान खाली घालून उभा होता. भिशीचे पैसे सोन्याचे होते हे कुणाकडून तरी त्याच्या कानावर गेलं असावं.

मालनला एकदम वीट आला, त्या न बोलण्याचा.

"विहीणबाई, सोनं नाहीये," ती म्हणाली. "पैसे ठेवले होते, पण वायरिंगच्या मजुरीत गेले. घरातला माणूस म्हणून भाव विचारला नाही, आणि मग द्यायची वेळ आली तेव्हा हेच होते. त्याचे हक्काचे होते, ते त्याला दिले. पोरीला माहेरी आणायची होती मला. पुढेमागे करीन बाळाला, आज नाही."

अक्षताने आईकडे बघितलं आणि तिचे डोळे भरले. सुनंदाबाई खुर्चीच्या कडेला बसल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मी लाइटचं बोलले, म्हणून ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो," मालन म्हणाली.

सुनंदाबाई बोलल्या, आणि पहिल्यांदाच मोजून-मापून नाही. "लाइटचं कसलं हो? मला मुलगी नाही. एक श्रेयस, तो दिवसभर ऑफिसात. मला वाटलं, अक्षता आमच्याकडे राहिली तर बाळाचे हे पहिले दिवस मला मिळतील. पण तुमच्या हक्काचं आहे, तुमच्याकडे मागायचं कसं? मग सुचलं ते लाइटचं. तुम्ही एवढ्या भिंती फोडून बसाल असं वाटलं नव्हतं मला. सरळ मागायला हवं होतं मी."

बाळ झोपेत कुरकुरलं. मालनने ते उचललं, पाठीवर थोपटलं आणि सुनंदाबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"मग राहा की इथे," ती म्हणाली. "आठ दिवस, पंधरा दिवस. गाद्या आहेत. मीही रात्रीची जागून थकलेय हो, खरंच."

सुनंदाबाईंनी श्रेयसकडे बघितलं, श्रेयसने मान हलवली. मंडळी जेवून गेली, सर्वेशच्या पोरांनी फुगे फोडले, लवूने उरलेले पेढे शेजारी वाटले. रात्री श्रेयस एकटाच मुलुंडला गेला. मालनची एक धुतलेली सुती साडी नेसून सुनंदाबाई आतल्या खोलीत बाळाशेजारी आडव्या झाल्या, आणि मालन कित्येक दिवसांनी सकाळपर्यंत झोपली.